शरीफजीचा शरभोजी

तंजावरच्या मराठा गादीवर व्यंकोजीनंतर त्याची तीन मुलं एकापाठोपाठ एक बसली. 1684 मध्ये शहाजी, 1712 मध्ये सरफोजी आणि 1728 मध्ये तुकोजी ऊर्फ तुळजा. तुळजा नावाचा उलगडा करायला नको, भोसल्यांच्या देवघरातली ती भवानी. पण थोरल्या दोघांची नावं आली ती अहमदनगरच्या एका सूफी पिराकडून. आणि तीही दोन पिरांची नव्हेत, एकाच पिराच्या नावाची दोघांत वाटणी झालेली!

ही वाटणी केली मालोजी भोसल्यानं. मालोजी निजामशाहीतला सरदार. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणारा आणि शिखर शिंगणापूरला तळं बांधणारा शिवभक्त. मूल होईना, तेव्हा नगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलले, अशी हकिगत भोसल्यांच्या घराण्यात चालत आली आहे. पुढं दोन मुलगे झाले. थोरला शहाजी, धाकटा शरीफजी.

आपल्याकडची नवसाची रीतच अशी. खंडोबाला बोललात तर खंडू, म्हसोबाला बोललात तर म्हसू. पीर पावला तर पिराचं नाव, एवढा सरळ हिशोब. त्यात कुणाला काही वावगं वाटल्याचं दिसत नाही. मागं ‘जी’ लागला की ‘शाह’ आणि ‘शरीफ’ दोघंही मालोजी, विठोजींच्या पंगतीत जाऊन बसले.

शरीफजी 1624 च्या भातवडीच्या लढाईत पडला. भातवडी नगरजवळच, म्हणजे ज्या पिराचं नाव लावलं त्याच्याच मुलखात. नाव तिथंच संपायचं. पण मराठी घरात नाव सहसा वाया जाऊ देत नाहीत. शिवरायांचे थोरले भाऊ संभाजी कर्नाटकात कनकगिरीला मारले गेले आणि 1657 मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या पुतण्याला तेच नाव मिळालं. त्या संभाजीच्या मुलाचं नाव पुन्हा शिवाजी. तोच पुढं साताऱ्याचा शाहू. (आजोबांचं नाव पाळण्यात ठेवलं, तरी सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं कसं? मग घरोघरी हाक मारायला बाळ, आबा, बापू.)

व्यंकोजी शहाजीराजांचा मुलगा, शिवरायांचा सावत्र भाऊ. कावेरीकाठी राज्य मिळवलं, पण मुलांच्या नावांसाठी तो आजोबांकडंच गेला. पहिल्याला वडिलांचं नाव, दुसऱ्याला काकाचं, आणि काका तर त्याच्या जन्माआधीच गेलेला. मालोजीनं केलेली जोडी दक्षिणेत जशीच्या तशी पुन्हा उभी राहिली.

मला खरी मौज वाटते ती इथून पुढं. तमिळ लिपीत प, फ, ब, भ या चौघांना मिळून एकच अक्षर. त्यामुळं शरीफजीचा झालेला ‘सरफोजी’ तमिळमध्ये लिहिला की तो ‘सरभोजी’ असाही वाचता येतो. आणि ‘शरभ’ म्हटल्यावर तिथल्या माणसाला दुसरं काही सुचायचंच नाही. शरभ म्हणजे अर्धा सिंह, अर्धा पक्षी. नरसिंहाचा क्रोध शमवायला शिवानं घेतलेलं रूप. कुंभकोणमजवळ दारासुरमच्या मंदिरात त्याचं शिल्प आहे, त्रिभुवनमला तर वेगळं देऊळच. संस्कृत पंडितांना राजाच्या नावात आयता देव सापडला. पीर शिवाच्या अंगावर चढला म्हणा, की शिव पिराच्या!

दुसरा सरफोजी (1777–1832) दत्तक आलेला, पण घराण्याचा अभिमान दांडगा. सरस्वती महालाच्या ग्रंथालयाला त्यानं वैभव आणलं आणि 1803 मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात, राजराजा चोळाच्या त्या अवाढव्य वास्तूत, भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत दगडावर कोरून घेतला. कागदावरची वंशावळ वाळवी खाते, हे ग्रंथवेड्या राजाला वेगळं सांगायला नको.

दरबारी मंडळी तोवर ‘शरभेंद्र’ म्हणू लागली होती. त्याच्या काळातल्या औषधयोगांचे तमिळ ग्रंथ ‘शरभेंद्र वैद्य’ नावानं ओळखले जातात. त्याच्यावर रचलेली तमिळ नृत्यनाटिका ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’. तीत कुरव जातीची भविष्य सांगणारी बाई येते आणि राजावर भाळलेल्या नायिकेचा हात पाहते. तिचा प्रयोग व्हायचा तो त्याच बृहदीश्वराच्या आवारात, नगरच्या शाह शरीफांच्या नावाचं शेपूट लावलेल्या राजाच्या कौतुकाचा.