लॅपटॉपचे चार्जिंग सॉकेट : घरी काय करावे, कारागिराकडे कधी न्यावे

शिंदखेडा तालुक्यात कापूस, मिरची आणि भुसार मालाचा व्यापार करणाऱ्या आमच्या अनेक बांधवांच्या पेढीवर आता लाल खातेवहीच्या शेजारी लॅपटॉप आलेला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून तर त्याच्याशिवाय भागत नाही. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरावे लागते. कर देय असताना उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क चढते. अशा ऐन वेळी लॅपटॉप चार्ज होईनासा झाला की माणूस घाबरतो. धुळ्याला किंवा सुरतेला धाव घेतो आणि "मदरबोर्ड गेला" असे कोणी सांगितले की मुकाट्याने हजारो रुपये मोजतो. पुष्कळदा दोष मदरबोर्डचा नसतोच. चार्जरची पिन ज्या छोट्या सॉकेटमध्ये बसते ते सॉकेट मोडलेले असते.

या सॉकेटची दुरुस्ती घरी कितपत करता येते आणि कोठे थांबावे, हे आम्ही येथे सांगत आहोत.

सॉकेट का मोडते?

गादीवर बसून लॅपटॉप मांडीवर घेणे, वायर लावलेली असतानाच तो उचलणे, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय वायरीत अडकणे, ही यामागची नेहमीची कारणे होत. प्रत्येक हिसक्याने सॉकेटचा आतला पत्रा थोडा सैल होतो. सैल जोडातून वीज नीट जात नाही आणि जोड तापतो. साधा ६५ वॅटचा चार्जर १९ व्होल्टवर सुमारे ३.४ अँपिअर प्रवाह देतो. सैल जोडात अवघा अर्धा ओहम विरोध निर्माण झाला तरी तेथे पावणेसहा वॅट उष्णता तयार होते. ही उष्णता २५ वॅटच्या काविऱ्याच्या जवळजवळ एक चतुर्थांश झाली! म्हणूनच सैल सॉकेट काळे पडते, त्याचे प्लास्टिक वितळते आणि जळका वास येतो. "पिन थोडी तिरकी धरली की चालते" म्हणून महिनोन्‌महिने काम रेटणारे बांधव शंभराचे काम हजारांवर नेत असतात.

आधी दोष ओळखा

दुरुस्तीचा पहिला नियम असा की, दोष कोठे आहे हे समजल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हाती घेऊ नये. त्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि तीच पिन असलेला दुसरा चार्जर लावून पाहावा. त्यावर लॅपटॉप सुरळीत चालला तर दोष जुन्या चार्जरचा आहे.

दुसरा चार्जर मिळत नसेल तर मल्टीमीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवून पिन तपासावी. २० व्होल्टची पट्टी अशा चार्जरला अपुरी पडू शकते. गोल पिनेचा आतला भाग बहुधा धन आणि बाहेरचा ऋण असतो. चार्जरवर लिहिलेल्या आकड्याच्या आसपास, म्हणजे १९, १९.५ किंवा २० व्होल्ट दिसले आणि वायर हलवूनही आकडा स्थिर राहिला, तर चार्जर ठीक समजावा. टाईप-सी चार्जरला मात्र ही कसोटी लागू पडत नाही. तो लॅपटॉपशी आधी "बोलणी" करतो आणि मगच पूर्ण व्होल्ट सोडतो.

डेल आणि एचपी यांच्या अनेक चार्जरच्या मधोमध एक बारीक सुई असते. ती वीज नेण्यासाठी नसून, चार्जर योग्य आहे ही ओळख लॅपटॉपला पटवण्यासाठी असते. ती वाकली किंवा तुटली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही. हे माहीत नसल्यामुळे चांगली बॅटरी फेकून नवी घेतली जाते.

चार्जर ठीक आहे, परंतु पिन हलवताच दिवा लागतो-विझतो, सॉकेट आत ढकलले जाते किंवा त्याच्याभोवती काळे पडले आहे, असे दिसले तर दोष सॉकेटचाच समजावा.

घरी होण्यासारखे काम

सॉकेटचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात सॉकेटला वीतभर किंवा त्याहून लहान वायर असते आणि ती वायर एका छोट्या कनेक्टरने मदरबोर्डला जोडलेली असते. दुसऱ्यात सॉकेट मदरबोर्डवरच सोल्डर केलेले असते. पहिला प्रकार कोणीही समजूतदार माणूस घरी बदलू शकतो. त्याला कावियाही लागत नाही.

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर मात्र तो उघडू नये. वॉरंटी संपलेली असल्यास आधी हिशेबाची नक्कल पेनड्राईव्हवर घ्यावी. बॅटरी उतरली असेल तर हे जमणार नाही, म्हणून ही सवय रोजचीच ठेवलेली बरी. नंतर लॅपटॉप पूर्ण बंद करावा आणि चार्जर काढावा. खालचे स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवावा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेल्यास बोर्ड फुटतो. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. झाकण लोखंडी पात्याने न उचकटता जुन्या प्लास्टिक कार्डाने सोडवावे.

झाकण निघताच सर्वप्रथम बॅटरीचा कनेक्टर काढावा. वायर न ओढता कनेक्टर धरून काढावा. बॅटरी फुगलेली दिसली तर तेथेच थांबावे. तिला दाबू नये, टोचू नये आणि जाणकाराकडे न्यावी.

आता जुन्या सॉकेटची वायर कोणत्या वाटेने गेली आहे याचा मोबाईलवर फोटो घ्यावा आणि मग ती सोडवावी. तिच्यावरचा क्रमांक लिहून घ्यावा. नवा भाग घेताना नुसते लॅपटॉपचे नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्येही दोन तऱ्हेची सॉकेट असतात. क्रमांक, कनेक्टरमधील वायरींची संख्या आणि वायरीची लांबी, तिन्ही जुळली पाहिजेत. हा भाग धुळे, सुरत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतो. नवी वायर जुन्याच वाटेने बसवावी, पंख्यात येऊ देऊ नये. बॅटरी जोडण्यापूर्वी मल्टीमीटरने सॉकेटचे धन आणि ऋण एकमेकांस भिडलेले नाहीत याची खात्री करावी.

येथे थांबावे

सॉकेट मदरबोर्डवरच सोल्डर केलेले असेल तर नवशिक्याने त्याला हात लावू नये. त्याचे कारण आमच्या जुन्या कलईगरांना चटकन समजेल. भांडे पुरेसे तापले नाही तर कथील धरत नाही आणि जास्त तापले तर जळते. नवसागराने तांबे स्वच्छ केल्याशिवाय कलई बसत नाही. बोर्डावरही हेच तत्त्व आहे. सॉकेटचा ऋण पाय तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेला असतो आणि तो थर उष्णता शोषून घेतो. लहान काविया तेथे कमी पडतो. मग माणूस जोर लावतो आणि बोर्डावरची तांब्याची चकती सॉकेटबरोबर उपटून येते. कारखान्यातील शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंशांना वितळू लागते, तर ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले १८३ अंशांना. म्हणून जाणता कारागीर जुन्या जोडावर आधी हे दुसरे सोल्डर चढवतो, जोड मऊ करतो आणि मगच सॉकेट सोडवतो.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. नवसागर किंवा तेजाब बोर्डावर कधीही वापरू नये. ते मागे राहून तांबे खाते. तेथे राळेचा फ्लक्सच हवा.

टाईप-सी सॉकेटमध्ये २४ संपर्क असतात. ते काम गरम हवेच्या यंत्राचे आणि सरावलेल्या हाताचे आहे. तसेच सॉकेट काढून टाकून चार्जरची वायर थेट बोर्डाला जोडण्याचा जुगाड कोणी सुचवला तर नकार द्यावा. पुढचा हिसका सरळ बोर्डालाच बसतो.

कारागिरांसाठी दोन शब्द

टेपरेकॉर्डर आणि जुन्या टीव्हीच्या दुरुस्तीवर ज्यांचा संसार चालला, त्या आमच्या बांधवांचे काम कमी झाले, पण हातातली कला गेलेली नाही. बरा काविया, गरम हवेचे यंत्र, भिंग आणि मल्टीमीटर एवढ्या सामानावर हे काम तालुक्यात सुरू होऊ शकते. तरुणांसाठी आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहेच. केंद्र सरकारनेही २४ डिसेंबर २०२२ रोजी ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग यांचा तपशील एका ठिकाणी द्यावा, हा त्यामागचा हेतू आहे.

मात्र हा धंदा विश्वासावर चालतो. ग्राहकाला मोडलेले सॉकेट हातात द्यावे, भागाची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून द्यावी, त्याच्या हिशेबाच्या फाईली उघडू नयेत. सॉकेट बदलून मदरबोर्डचे पैसे घेणाऱ्याकडे ग्राहक एकदाच येतो. खरे सांगून थोडे घेणाऱ्याकडे तो चार जणांना घेऊन येतो.

व्यापारी बांधवांनीही आपली बाजू सांभाळावी. वायर पायवाटेतून नेऊ नये, लॅपटॉप उचलण्यापूर्वी पिन काढावी आणि ती काढताना वायर न ओढता पिनेचे डोके धरावे. सॉकेट सैल लागू लागले की त्याच आठवड्यात दाखवावे, २० तारखेची वाट पाहू नये.