मणका दबला, पुढे काय?

अंधेरीच्या रस्त्यावर रिक्षा खड्ड्यात आदळली किंवा पाण्याची भरलेली बादली उचलली, की तरुण माणूस कंबर चोळून कामाला लागतो. सत्तरीच्या आजींचा मात्र तेवढ्यानेही मणका दबू शकतो. पाळी गेल्यावर बायकांच्या हाडांची झीज वेगाने होते. पुरुषांची हळूहळू होते, पण होतेच. आतून पोकळ झालेला मणका वरचा भार पेलू शकत नाही आणि पुढच्या बाजूने चेपतो. पाठ आणि कंबर जिथे मिळतात, तिथले मणके अधिक दबतात.

बऱ्याच घरांत हे दुखणे ‘वयाचे’ किंवा ‘गॅप आला’ म्हणून बाम चोळण्यावर निभावले जाते. आडवे पडल्यावर बरे वाटते, उठताना किंवा कूस बदलताना कळ येते, उंची कमी झाली आहे, पाठीला बाक आला आहे, अशी लक्षणे दिसली तर एक्स-रे काढा. फ्रॅक्चर ताजे की जुने, हे एमआरआय सांगतो. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोगही आढळतो आणि कर्करोगानेही मणका ढासळतो, म्हणून डॉक्टर रक्ताच्या तपासण्या सांगतात. ताप, घटते वजन किंवा रात्रीची वेदना असेल तर ते आवर्जून सांगा. पायांतली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर थांबू नका. कूपर, राजावाडी किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात लगेच न्या.

पहिले काही आठवडे

बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही. वेदनाशामक गोळ्या, थोडे दिवस विश्रांती, गरजेपुरता पट्टा आणि मग लवकर चालणे, एवढ्यावर साधारण 6 ते 12 आठवड्यांत दुखणे ओसरते. महिनाभर पलंगावर झोपवून ठेवले तर हाड आणि स्नायू दोन्ही आणखी झिजतात. उठताना आधी गुडघे वाकवा, खांदे व कंबर एकत्र फिरवून कुशीवर या, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने रेटा देत बसा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत रोजचे जिने टाळा, पण घरातल्या घरात फेऱ्या मारा. जमिनीवर बसणे आणि वाकून केर काढणे काही काळ बंद.

सिमेंट कधी?

सुईने मणक्यात सिमेंट भरण्याची पद्धत 1984 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाली. फुग्याने आधी जागा करून सिमेंट भरतात, ती तिची पुढची आवृत्ती. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत मात्र खरी प्रक्रिया आणि नुसता देखावा यांत वेदनेच्या बाबतीत ठळक फरक आढळला नाही. त्यामुळे सरसकट सिमेंट भरू नये. औषधे घेऊनही असह्य वेदना राहिली आणि एमआरआयमध्ये फ्रॅक्चर ताजे दिसले, तर निवडक रुग्णांत त्याचा विचार होतो.

खरा उपचार हाडाचा

एक मणका दबला, की दुसरा दबण्याचा धोका बराच वाढतो. म्हणून वेदना थांबल्यावरही औषध लागते. नुसते कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरत नाही. अ‍ॅलेन्ड्रोनेट ही आठवड्याला एक गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची. नंतर अर्धा तास काही खायचे नाही की आडवे व्हायचे नाही. ती झेपत नसेल तर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक आम्ल शिरेतून देतात. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी होते. हाडे फारच ठिसूळ असतील तर टेरिपॅराटाइडचे रोजचे इंजेक्शन असते. डेनोसुमॅब दर 6 महिन्यांनी घ्यावे लागते. गावी गेलो म्हणून ते चुकले तर एकाहून अधिक मणके दबू शकतात, म्हणून मनाने बंद करू नका. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला या औषधांची कल्पना द्या.

घरात पन्नाशीपुढच्या कुणाचा मणका किरकोळ कारणाने दबला असेल, तर डॉक्टरांना एवढे विचाराच: ‘दुखणे थांबले, आता हाडांसाठी कोणते औषध, आणि किती वर्षे?’