शाळेचा वांटा

कुणकेश्वराच्या किनाऱ्यावर, किंवा तेथून मालवणपर्यंत कोठेंहि, रापण ओढतांना आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. होडीनें समुद्रांत अर्धवर्तुळाकार जाळें सोडावयाचें, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर उभें राहून अनेकांनीं मिळून ओढावयाचे, आणि मासळी किनाऱ्यास लागली म्हणजे तिचे वांटे घालावयाचे, अशी ही जुनी रीति आहे. जाळ्याचा वांटा, होडीचा वांटा, दोर ओढणाऱ्यांचा वांटा, हे सर्व ठरलेले असतात. त्यांत कोणी कोणावर उपकार करीत नाहीं. आम्हां शेतकऱ्यांसहि ही कल्पना अपरिचित नाहीं. सुताराचें व लोहाराचें बलुतें खळ्यावरच राशींतून निघत असे, आणि गांवच्या पंतोजीसहि मुलांचे आईबाप धान्य व शिधा देत. त्या व्यवस्थेंत जातीचा जाच होता, तो जावयास पाहिजेच होता. परंतु जें काम सर्वांच्या उपयोगाचें त्याचा खर्च सर्वांच्या राशींतून निघावा, हें तिच्यांतील तत्त्व टाकून देण्यासारखें नव्हतें. आज आपल्या बागेच्या, होडीच्या व दुकानाच्या उत्पन्नांत गांवच्या शाळेचा वांटा कोणता, याचा विचार आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

धंद्यांच्या संघांनीं लोककार्याचा भार वाहावा ही चाल महाराष्ट्रांत फार प्राचीन आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा सुमारें १,९०० वर्षांपूर्वींचा शिलालेख आहे. त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेंकडा एक व्याजानें, व दुसरीकडे १,००० कार्षापण शेंकडा पाऊण व्याजानें ठेविले. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, लेण्यांतील भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं व इतर खर्चासाठीं व्याज तेवढें वापरावयाचें, अशी अट होती. क्षत्रप राजाचा हा जांवई आपलें दान सांभाळण्यास विणकरांचा संघ निवडतो, यावरून अशा संघांची त्या काळीं केवढी पत होती हें दिसून येतें.

शाळांपुरतें पाहूं गेल्यास कोल्हापूरचें उदाहरण डोळ्यांपुढें येतें. शाहू छत्रपतींच्या पाठिंब्यानें १९०१ सालीं तेथें व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. पुढें निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें निघालीं, आणि त्यांत शिंपी, सोनार यांसारख्या कारागीर समाजांचींहि होतीं. कातरीवर व हातोड्यावर पोट भरणाऱ्या लोकांनीं आपल्या मुलांच्या शिक्षणासाठीं एकत्र यावें, ही लहान गोष्ट नव्हे. त्याच संस्थानांत १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत झालें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांस एकत्र ठेवणारें वसतिगृह काढलें. मुलांच्या जेवणासाठीं घरोघरच्या बायका मूठमूठ धान्य बाजूस काढीत, आणि लक्ष्मीबाई पाटील यांनीं मुलांच्या पोटासाठीं आपलें मंगळसूत्रहि विकलें. शेतकरी समाजानें शाळेचा वांटा राशींतून कसा काढला, याचा हा इतिहास आहे.

कोंकणांत हा वांटा पुष्कळ वर्षें मुंबईहून येत असे. गिरण्यांत राबणारे चाकरमानी गांवांच्या नांवानें मंडळें काढीत, एका खोलींत दाटीनें राहत, आणि त्यांतूनहि गांवच्या देवळास व शाळेस वर्गणी पाठवीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा तो काळ सरला. मंडळें आजहि आहेत, परंतु गांवाशीं बांधलेली ती दाट चाळ राहिली नाहीं. इकडे गांवांत मुलें कमी होत चाललीं आहेत. २०२३ सालीं राज्य सरकारनें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले, तेव्हां राज्यांत अशा शाळा १४ हजारांहून अधिक असल्याचें पुढें आलें. ज्या गांवाची शाळा गेली, त्या गांवांत तरुण कुटुंब टिकत नाहीं, आणि तरुण कुटुंब गेलें कीं बागेस माणूस मिळत नाहीं. हें चक्र आमच्या वाचकांस निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

आतां पैशाविषयींच बोलावयाचें तर छप्पर, बांक व संगणक यांस देणगीदार मिळतात. ज्याची उणीव आहे ती वस्तु दुकानांत मिळत नाहीं. कलम बांधणारा, माडावर चढणारा पाडेली, जांभ्याचा चिरा बसविणारा गवंडी, होडी सांधणारा सुतार, जाळें विणणारा, यांचें ज्ञान त्यांच्या हातांत आहे, तें पुस्तकांत उतरलेलें नाहीं. आज बागांची राखण व मोसमांतील कामें पुष्कळ ठिकाणीं नेपाळांतून येणाऱ्या मजुरांवर चालतात. ते कष्टाळू आहेत, त्यांच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती आपल्याविषयीं. २०१८ सालीं कोंकणच्या हापुसास भौगोलिक निर्देशांक मिळाला. आपण फळाचें नांव राखलें, आणि तें फळ धरविणारें कसब मात्र मुलांस दिलें नाहीं.

हें कसब शाळेंत आणतां येतें, याचें प्रमाण पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या योजनेंत माध्यमिक शाळेंतील मुलें आठवड्यांतून एक दिवस शेती, यंत्रकाम, ऊर्जा व गृहआरोग्य हे विषय हातानें काम करून शिकतात, आणि शिकविण्यास गांवांतीलच कुशल कारागिरांस मोबदला देऊन बोलावितात. वेल्डिंग करणाऱ्यानें जोड कसा धरावा हें दाखविलें कीं मागाहून शिक्षक धातूचा गुणधर्म सांगतो. या रीतीनें मुलांचें विज्ञान कच्चें राहत नाहीं, उलट तें पक्कें होतें, असा तेथील अनुभव आहे.

सरकारी धोरणहि आतां या दिशेस वळलें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांत सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकण्याची सोय सांगितली आहे. निरनिराळ्या धंद्यांतील लोकांनीं शाळेस आपला वेळ द्यावा म्हणून विद्यांजलि ही योजनाहि चालू आहे. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत. म्हणजे दार उघडें आहे. आंत जाण्याचें काम आपलें आहे.

कुणकेश्वरासारख्या गांवीं हें कसें व्हावें, तें आम्ही सुचवितों. जून महिन्यांत शाळा उघडते, त्याच वेळीं कोयी रुजून तांबूस पानांचीं कोवळीं रोपें तयार होतात. दहा-पंधरा दिवसांच्या त्या रोपांवर कोय कलम बांधावयाचें असतें. प्रत्येक मुलानें पांच कलमें बांधावीं, किती जगलीं याची नोंद ठेवावी, व शेंकडेवारी काढावी. त्याच दिवसांत मासेमारी बंद असते, तेव्हां जाळें दुरुस्त करणारा मोकळा असतो, आणि एका जाळ्यांत भूमितीचे जितके धडे आहेत तितके पुस्तकांतहि नसतील. बँकेंतील कारकुनानें दलालाची एक पट्टी घेऊन यावें, आणि हमाली व भाडें वजा जातां पेटीमागें बागाईतदाराच्या हातीं काय राहिलें, तें मुलांकडून काढवून घ्यावें. डॉक्टरानें फवारणीच्या औषधांपासून अंगाचें रक्षण कसें करावें तें सांगावें. तें ज्ञान मुलांमार्फत आईबापांपर्यंत पोंचेल, आणि त्याची गरज आईबापांसच अधिक आहे.

परंतु येथें आम्हांस आपली एक चूक कबूल केली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं आमच्या ओळखीच्या एका वृद्ध कलमकाऱ्यास जवळच्या शाळेंत नेलें. त्यानें अर्धा दिवस मुलांस इतकें चांगलें शिकविलें कीं शिक्षकहि पाहत राहिले. आम्हीं त्यास नारळ दिला, शाल पांघरली, व चार शब्द बोललों. दुसऱ्या आठवड्यांत तो आला नाहीं. चौकशी केली तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "शालीनं माझी चूल पेटत नाय." त्याचा अर्ध्या दिवसाचा रोज आम्हीं बुडविला होता, आणि तो कोणी भरून द्यावयाचा हें आमच्या ध्यानींहि आलें नव्हतें. डॉक्टर किंवा वकील एक तास फुकट देतो तेव्हां तें दान होय. रोजावर पोट असलेल्या माणसाकडून तोच तास फुकट मागणें ही वेठ होय, मग तिच्यावर शाल कितीहि चांगली घाला.

म्हणून शाळेचा वांटा काढावयाचा तो याच खर्चासाठीं. गांवांतील वीस बागाईतदारांनीं हंगामांत एकेका पेटीची किंमत बाजूस ठेविली, तर दहा दिवसांत रोज एक याप्रमाणें येणाऱ्या दहा कारागिरांचा पुरा रोज त्यांतून निघून शिल्लक राहील. ती शिल्लक सोसायटींत वा बँकेंत ठेवावी, मुद्दलास हात लावूं नये, व हिशेब दर वर्षीं ग्रामसभेंत वाचून दाखवावा. विणकरांच्या त्या जुन्या श्रेणीस जें जमलें तें आपल्यास न जमण्याचें कारण नाहीं.

दुसरी खबरदारी याहून महत्त्वाची आहे. मुलांस कसब शिकविणें निराळें, आणि तोडणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहींत म्हणून मुलांस बागेंत उतरविणें निराळें. २०१६ च्या कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी आहे, आणि शाळेच्या वेळेबाहेर घरच्या कामांत हातभार लावण्याची तेवढी मुभा आहे. शिक्षणाच्या नांवाखालीं आपली पेटी फुकट भरून घेणारा बागाईतदार शाळेचा वांटा देत नाहीं, तो मुलांचा वांटा खातो. मुलांनीं बांधलेलें कलम मुलांच्या घरीं जावें, त्यांच्या परसांत लागावें, आणि त्याचें पहिलें फळ त्यांनींच खावें, असा नियम घालून द्यावा हें बरें.

रापणीचा दोर ओढणारा म्हातारा असो वा पोर असो, त्याचा वांटा कोणी चुकवीत नाहीं, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशीं दोरास हात लागतात. शाळेच्या दोरासहि आज हात हवे आहेत. येत्या जूनपूर्वीं आपापल्या गांवच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेस आमच्या वाचकांनीं जातीनें जावें, आपल्या बागेंतील कलमकाऱ्यास बरोबर न्यावें, आणि निघण्यापूर्वीं त्याचा त्या दिवसाचा रोज त्याच्या हातावर ठेवावा, एवढीच आमची विनंति आहे.