गाणें कोणाचें?

गाणें कोणीं लिहिलें आणि कोणीं गाइलें, हें श्रोत्यास ठाऊक असतें; परंतु तें कोणाच्या मालकीचें आहे, हा प्रश्न त्याच्या मनांत क्वचितच येतो. कलावंताच्या दृष्टीनें मात्र हा प्रश्न पोटाचा आहे, आणि मानाचाही आहे. ‘स्वतंत्र’ गायक-गीतकार कोणास म्हणावें, तें याच प्रश्नाच्या उत्तरावरून समजतें.

प्रत्येक मुद्रित गाण्यांत दोन निरनिराळ्या मालमत्ता असतात. एक शब्द व चाल यांची. ती मूलतः रचनाकाराची. दुसरी मूळ ध्वनिमुद्रणाची. रूढ करारांत ही दुसरी मालमत्ता बहुधा कंपनीकडे जाते. कंपनी नवोदित गायकास उचल देते, मुद्रणाचा खर्च करते, आणि ती रक्कम पुढें गायकाच्या हिश्शांतून वळती करून घेते. रक्कम फिटली तरी मुद्रण कंपनीचेंच राहतें. बैलाची किंमत शेतकऱ्यानें फेडावी आणि बैल मात्र सावकाराच्याच गोठ्यांत राहावा, तसाच हा प्रकार होय. संग्रह केव्हां काढावयाचा, किंबहुना काढावयाचा कीं नाहीं, हेंही पुष्कळदां कंपनीच ठरविते. अर्थात् तिची बाजू अगदींच लंगडी नाहीं. अनेक नवोदितांवर घातलेला पैसा बुडतो. तो तोटा तिलाच सोसावा लागतो.

लंडनच्या दक्षिण भागांत वाढलेली रेचल कीन ही ‘रेय’ या नांवानें गाते. स्वतःचीं गाणीं ती स्वतः लिहिते. २०१४ सालीं पॉलिडॉर कंपनीशीं तिचा चार संग्रहांचा करार झाला. पुढील सात वर्षांत तिचीं सुटीं गाणीं निघालीं. बियॉन्सेसारख्या विख्यात गायिकेच्या गीतरचनेंतही तिचा हात लागला. पण तिचा स्वतःचा पूर्ण संग्रह कांहीं निघाला नाहीं. अखेर जून २०२१ मध्यें तिनें ही व्यथा जाहीरपणें बोलून दाखविली, आणि पुढच्याच महिन्यांत ती त्या करारांतून मोकळी झाली.

मोकळी झाली म्हणजे एकटीच सर्व करूं लागली, असें नव्हे. गाणें जगभर पोहोंचविण्यासाठीं तिनें एका वितरक संस्थेचें साहाय्य घेतलें. भेद एवढाच कीं, वितरक आपल्या कामाचा मोबदला घेतो. मूळ मुद्रण कलावंताकडेच राहतें. स्वातंत्र्याचा खरा अर्थ हाच. त्याची दुसरी बाजू अशी कीं, खर्चाचें व अपयशाचें ओझेंही कलावंताच्याच शिरावर येतें.

तिच्या बाबतींत यश आलें. ऑक्टोबर २०२२ मध्यें निघालेलें ‘एस्केपिझम’ हें गाणें जानेवारी २०२३ मध्यें ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादींत पहिलें आलें. ३ फेब्रुवारी २०२३ रोजीं ‘माय ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी ब्लूज’ हा तिचा पहिला संग्रह निघाला, आणि मार्च २०२४ मध्यें ब्रिट पारितोषिकांच्या समारंभांत तिला सहा पारितोषिकें मिळालीं. तोंपर्यंत एका रात्रींत चारांहून अधिक पारितोषिकें कोणासही मिळालीं नव्हतीं. त्यांत उत्कृष्ट गीतकाराचेंही एक होतें.

परंतु मालकी आली कीं जोखीमही येते. २०२४ च्या ऑक्टोबरांत तिची मोटार चोरीस गेली, आणि नव्या गाण्यांच्या वह्या त्या मोटारींतच होत्या. ती पुन्हां लिहावयास बसली. सप्टेंबर २०२५ मध्यें तिचें नवें गाणें निघालें. पाठोपाठ, दुसरा संग्रह मार्च २०२६ मध्यें येईल, असें तिनें जाहीर केलें. पहिल्या संग्रहाच्या परवानगीसाठीं सात वर्षें वाट पाहणाऱ्या गायिकेनें दुसऱ्याचा महिना स्वतःच सांगितला.