अक्षरामागचा क्रमांक

संगणकावर आपण उर्दू लिहितो, मराठी लिहितो, इंग्रजीही लिहितो. पण संगणकाला यांपैकी एकही लिपी येत नाही. त्याला फक्त संख्या कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. कोणत्या अक्षराचा कोणता क्रमांक आणि तो कसा साठवायचा, हे ठरवण्याच्या पद्धतीला 'संकेतन' म्हणतात.

अमेरिकेत १९६३ साली 'आस्की' नावाचे कोष्टक तयार झाले. त्यात १२८ जागा होत्या. उर्दूला किंवा मराठीला तेथे जागाच नव्हती. पुढे निरनिराळ्या देशांनी आपापली कोष्टके केली. त्यामुळे एकच क्रमांक एका कोष्टकात एक अक्षर दाखवी, तर दुसऱ्यात भलतेच. हा गोंधळ मिटवण्यासाठी जगातील सर्व लिप्यांचे एकच कोष्टक तयार होऊ लागले. त्याचे नाव युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. युनिकोडमध्ये अलिफचा क्रमांक १५७५, 'पे'चा १६६२ आणि मराठी 'क'चा २३२५ आहे.

हे क्रमांक साठवण्याची 'यूटीएफ-८' ही पद्धत केन थॉम्पसन व रॉब पाईक यांनी १९९२ साली तयार केली. संगणक माहिती बाइटमध्ये साठवतो. एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी एक संख्या मावते. या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट, उर्दू अक्षराला दोन आणि मराठी अक्षराला तीन बाइट लागतात. 'क' साठवला की २२४, १६४ आणि १४९ या तीन संख्या होतात. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने त्या पश्चिम युरोपच्या जुन्या कोष्टकाप्रमाणे वाचल्या, तर एका 'क'च्या जागी तीन विचित्र चिन्हे उमटतात. अशा वेळी मजकूर बहुधा नष्ट झालेला नसतो. तो फक्त चुकीच्या कोष्टकाने वाचलेला असतो. योग्य संकेतन सांगितले की 'क' परत दिसतो. मात्र ती चिन्हे तशीच जतन केली, तर मूळ मजकूर परत मिळवणे कठीण होते.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. अरबी 'ये'चा क्रमांक १६१० आहे, तर उर्दूच्या छोट्या 'ये'चा १७४०. शब्दाच्या मध्ये ही दोन्ही अक्षरे सारखीच दिसतात. समजा, 'नसीम' हे नाव कोणी अरबी कीबोर्डवरून यादीत लिहिले आणि दुसऱ्याने ते उर्दू कीबोर्डवरून शोधले. डोळ्यांना नाव एकच दिसते. पण संगणक क्रमांक ताडून पाहतो आणि 'नाव सापडले नाही' असे सांगतो. यादी शिष्यवृत्तीची असेल, तर ही चूक महागात पडेल! यावर उपाय सोपा आहे. शोधण्यापूर्वी प्रोग्रॅमने दोन्ही 'ये' एकाच क्रमांकाचे करून घ्यावेत.

तिसरी अडचण स्थानिक रीतीची आहे. भारतात आपण १२,३४,५६७ असे लिहितो, तर अमेरिकेत तीच संख्या १,२३४,५६७ अशी लिहितात. संगणकाला ज्या नोंदीतून अशा रीती कळतात, तिला 'लोकेल' म्हणतात. माणसाला दाखवायच्या मजकुरात ही रीत पाळलीच पाहिजे. पण प्रोग्रॅमच्या आतल्या कामात ती शिरली की घोटाळा होतो. तुर्की भाषेत 'आय' हे अक्षर दोन प्रकारचे आहे : एक टिंब असलेले व एक टिंब नसलेले. त्यामुळे मोठ्या 'आय'चे छोटे रूप तेथे इंग्रजीपेक्षा वेगळे होते. पीएचपी ही संगणकाची भाषा आपल्या आतल्या नावांनाही हाच नियम लावत असे. म्हणून तुर्की लोकेल निवडले की तिला काही नावे ओळखता येत नसत. हा दोष २००२ साली नोंदवला गेला आणि २०१३ साली आलेल्या ५.५ या आवृत्तीत दूर झाला.

पीएचपी हे 'मुक्त स्रोत' सॉफ्टवेअर आहे. म्हणजे त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते व सुधारता येते. अशा सॉफ्टवेअरमध्ये दोष दिसला, तर काय लिहिले, काय दिसायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय दिसले, हे नेमके कळवावे. अक्षराचा क्रमांकही द्यावा. जाणकार दुरुस्ती करतात, इतर जण ती तपासतात आणि नव्या आवृत्तीतून ती सर्वांपर्यंत पोहोचते.

विद्यार्थी मित्रांनो, उत्तम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला उर्दू येत असेलच असे नाही. दोन 'ये'मधला फरक त्याला कोण सांगणार? तुम्हांला उर्दू येते, मराठीही येते. हे ज्ञान संगणकाच्या जगात फार उपयोगी आहे.

स्वाध्याय

१. संकेतन म्हणजे काय?
२. 'क'च्या जागी तीन चिन्हे का उमटतात?
३. 'नसीम' हे नाव यादीत असूनही का सापडत नाही? त्यावर उपाय कोणता?
४. 'महागात पडणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.