शोध कसा घ्यावा?

"शोधले, पण ह्या विषयावर काहीच सापडले नाही," असे उद्गार ग्रंथालयात नेहमी कानी पडतात. पुष्कळदा लेख असतो. चुकलेला असतो तो प्रश्न. संशोधन-लेखांची संगणकीय सूची मुख्यतः अक्षरे जुळवते. अर्थ आपण पुरवायचा असतो.

चाकणच्या एखाद्या फाउंड्रीचेच उदाहरण घेऊ. अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये बारीक पोकळ्या राहतात. कामगार त्यांना सरसकट 'ब्लोहोल' म्हणतो. संशोधक बहुधा 'पोरॉसिटी' लिहितो. एकच शब्द दिला तर दुसऱ्या शब्दाने लिहिलेले लेख निसटतात. म्हणून ह्या दोन शब्दांमध्ये 'ऑर' घालून ती जोडी कंसात ठेवावी व पुढे 'अँड' लिहून 'अ‍ॅल्युमिनियम' जोडावे. 'ऑर'ने जाळे रुंदावते, 'अँड'ने आवळते. 'नॉट' मात्र जपून वापरावा. वाळूच्या साच्यातील काम नको म्हणून 'सँड' वगळला, तर दोन्ही पद्धतींची तुलना करणारा लेखही जातो. आणि कदाचित तोच आपल्याला हवा असतो. ह्या तिन्हींमागील तर्कगणित जॉर्ज बूल यांनी १८५४ च्या ग्रंथात मांडले.

आता पिंपरीकडे वळू. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये पुढे बुरशीवरील 'हॅमायसिन' हे औषध शोधले गेले. ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाचे नाव 'स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना'! नुसते 'पिंपरी' शोधणाऱ्यास हे नाव भेटेलच असे नाही. इंग्रजी अक्षरांत 'पिंप्रि' लिहून पुढे तारकाचिन्ह दिले, तर बहुतेक सूच्यांत त्या अक्षरांनी सुरू होणारे सर्व शब्द येतात. तसेच, १९७८ पूर्वीच्या इंग्रजी लेखांत 'पुणे' नव्हे, 'पूना' आढळते. दोन्ही 'ऑर'ने जोडावीत. आणि नेमका शब्दसमूहच हवा असेल, तर तो अवतरणचिन्हांत घालावा.

एकाच वस्तूची अनेक नावे असली की सूचीकार त्यांसाठी एक विषयशीर्षक ठरवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने अशी यादी १९६० साली प्रसिद्ध केली. एक चांगला लेख हाती आला की त्याची विषयशीर्षके पाहावीत आणि 'विषय' ह्या रकान्यात तीच घालून पुन्हा शोधावे.

शोधाचे वाक्य तारखेसह वहीत उतरून ठेवावे, म्हणजे काय राहिले ते दुसऱ्यालाही दाखवता येते. न सापडणे म्हणजे नसणे नव्हे. "काहीच नाही" असे म्हणून तेच प्रयोग नव्याने करण्यात वेळ व पैसा घालवण्यापूर्वी, दुसऱ्या कोणी ह्या गोष्टीला काय म्हटले असेल, एवढे आपण स्वतःस विचारावे.