बावीस घोड्यांची किंमत

कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘रीमॅप मार रे, तीस हॉर्सपॉवर सहज वाढतील!’ कुणी पुली बदलायला सांगतो, कुणी सायलेन्सर. रील्समध्येही तेच. आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि मध्ये दणदणीत आवाज. सहा महिन्यांनी त्या इंजिनाचं काय झालं, याचं रील मात्र कुणी टाकत नाही.

पॉवर वाढवूनही गाडी टिकवायची कशी, हे समजून घ्यायचं तर लोटस एक्सीज एस या गाडीकडे बघा. लोटस ही इंग्लंडमधल्या हेथलची कंपनी, हलक्याफुलक्या स्पोर्ट्स कारसाठी ओळखली जाणारी. या गाडीचं वजन हजार किलोच्याही आत. इंजिन 1.8 लिटरचं, टोयोटाचं. सुपरचार्जर नसताना ते साधारण 190 हॉर्सपॉवर द्यायचं. 2006 मध्ये लोटसनं त्याला सुपरचार्जर जोडला आणि आकडा 218 वर नेला. चाहत्यांनी लगेच विचारलं, एवढंच? याच इंजिनातून अजून निघू शकते की!

निघू शकते, हे खरंच. प्रश्न आहे तो किती दिवस, याचा.

पुली लहान, डोकेदुखी मोठी

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा हवेचा पंप. तो जास्त हवा आत कोंबतो, तिच्यासोबत जास्त पेट्रोल जळतं आणि पॉवर वाढते. त्याची पुली लहान केली की त्याच आरपीएमला तो आणखी जोरात फिरतो. स्वस्त आणि सोपा जुगाड!

पण सायकलचा पंप जोरात मारल्यावर खालची नळी गरम होते ना, तसंच इथंही होतं. हवा दीडपट दाबली तर अगदी आदर्श पंपातही तिचं तापमान 35 ते 40 अंशांनी वाढतं. प्रत्यक्षात तर त्याहून बरंच जास्त. शिवाय सुपरचार्जर फिरवायला लागणारी ताकद इंजिनाच्याच खिशातून जाते. म्हणजे एका मर्यादेनंतर तुम्ही पॉवर कमी आणि गरमी जास्त बनवत असता.

गरम हवेचा खरा धोका म्हणजे नॉकिंग. स्पार्क प्लगनं पेटवलेली ज्वाळा पोचायच्या आधीच सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोडे बसायला लागतात. या टोयोटा इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो 11.5 आहे, सुपरचार्जरच्या मानानं आधीच चढा. नॉकिंग जाणवलं की ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो आणि पॉवर घसरते. त्यामुळे थंड इंजिनावर डायनोच्या पहिल्या रनमध्ये मिळालेला आकडा ट्रॅकवर तिसऱ्या लॅपला असेलच, असं नाही. ईसीयूचं ते संरक्षण मॅपमध्ये ढिलं केलं, तर मग पिस्टनच जातो.

कंपनीनं काय केलं?

2008 च्या मॉडेलसाठी लोटसनं परफॉर्मन्स पॅक आणला. पॉवर 240, म्हणजे फक्त 22 ची वाढ. त्यासाठी काय काय बदललं बघा. इंटरकूलरला जास्त हवा मिळावी म्हणून छतावरचा स्कूप मोठा केला. जास्त पेट्रोल पोचावं म्हणून मोठे इंजेक्टर दिले. वाढलेला टॉर्क पेलायला दणकट क्लच आणि गाडी थांबवायला पुढे मोठ्या ब्रेक डिस्क. बावीस घोडे बांधायच्या आधी तबेला मजबूत केला!

चांगला ट्यूनरही याच क्रमानं जातो. पहिलं काम तपासणी. कॉम्प्रेशन टेस्ट, प्लग, बेल्ट, कूलंट. मुळात दुखणं असलेल्या इंजिनाला जास्त हवा दिली तर दुखणंच वाढेल. दुसरं, डेटा. आत जाणाऱ्या हवेचं तापमान, हवा-पेट्रोलचं प्रमाण, नॉकिंग हे सगळं लॉग करायचं. तिसरं, गरमी आणि इंधन. इंजेक्टर आधीच पूर्ण क्षमतेजवळ काम करत असतील, तर वाढलेल्या हवेला पेट्रोल पुरणार नाही आणि लीन मिश्रण इंजिनाला जाळतं. चौथं, ऑइल. चिकट टायरवर लांब वळण घेताना चेंबरमधलं ऑइल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगचा निकाल लागतो. या इंजिनाचं हे जुनं दुखणं. म्हणून ट्रॅकवर नेताना चेंबरमध्ये ऑइल अडवणाऱ्या पट्ट्या बसवतात.

एवढं झाल्यावर पुली आणि मॅप. तोही नॉकिंगच्या काठावर नाही, काठापासून चार पावलं मागे. मे महिन्यातल्या दुपारी ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर किंवा एखाद्या पंपावर हलकं पेट्रोल मिळाल्यावर तीच चार पावलं इंजिन वाचवतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलांना छेद देणारे बदल करू देत नाही. वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं, ते वेगळंच. मग शिकायचं कुठं? कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये! तिथं पेट्रोल इंजिनाला सगळी हवा 20 मिलिमीटरच्या भोकातूनच घ्यावी लागते. मोजक्या हवेत पॉवर काढायची आणि गाडी शेवटच्या लॅपपर्यंत न्यायची, हा तिथला रोजचा अभ्यास.

तेव्हा पुढच्या वेळी पार्किंगमध्ये कुणी ‘किती वाढले?’ विचारलं, तर त्याला उलट विचारा, ‘किती दिवस टिकले?’